रडारच्या चित्रात गारपीट कशी ओळखायची? रंग नव्हे, उंची बघा

वऱ्हाडी वारा

फेब्रुवारी ते मे या काळात अवकाळीच्या प्रत्येक संध्याकाळी रडारचं एखादं चित्र गटागटांतून फिरतं. लाल-जांभळा डाग, त्याभोवती कुणीतरी काढलेला गोल आणि खाली मजकूर : "इथे गारपीट सुरू". बऱ्याचदा तिथे नुसता दणदणीत वळीव पडत असतो, आणि ज्या डागाकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं त्याच्याखाली गहू आडवा झालेला असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनंतर रडार बघणारे खूप वाढले, पण बघण्याची पद्धत रंगापाशीच अडकली. म्हणून हा धागा.

रंग का फसवतो ते आधी. रडारला परत मिळणारी ऊर्जा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. म्हणजे १० मिमीची एक ओली गार आणि १ मिमीचे दहा लाख थेंब रडारला जवळपास सारखेच. हे वाचून वाटतं की गार असली की आकडा आकाशाला भिडणार. पण ४-५ मिमीचे टपोरे थेंब दाटीने पडत असतील तर निव्वळ पाऊसही ५०-५५ डीबीझेड (परावर्तनाचं, म्हणजे परत आलेल्या ऊर्जेचं माप) दाखवतो. अमेरिकेत रडारवरून पाऊस मोजताना ५३ डीबीझेडच्या वरचं मूल्य ५३ च धरायची पद्धत याच भीतीपोटी आली, नाहीतर गारांमुळे पावसाचा आकडा भलताच फुगतो. थोडक्यात, जमिनीलगतच्या शलाकेत (रडारने सोडलेल्या किरणझोतात) ५२ डीबीझेड दिसले तर ती गार की पाऊस हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

ठरतं ते उंचीवरून. हवेचं तापमान शून्य अंश होतं त्या उंचीच्या बऱ्याच वर ४५ डीबीझेडपेक्षा जास्त परावर्तन असेल, तर तिथे एवढे मोठे पाण्याचे थेंब टिकणं अवघड. ते बर्फाचे मोठे कण असणार आणि त्यांना तोलून धरणारा वर जाणारा जोरदार झोत असणार. १९७९ साली वाल्डफोगेल आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून मांडलेला निकष अजून चालतो : ४५ डीबीझेडचा माथा शून्य अंशाच्या पातळीपेक्षा निदान १.४ किमी वर असेल तर गारेची शक्यता धरायची. फरक वाढेल तशी शक्यता वाढते. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये वापरलेलं सरळ सूत्र असं : शक्यता = ०.३१९ + ०.१३३ × फरक (किमीत). फरक ३ किमी असेल तर ७२ टक्के, ५ किमीच्या थोडं पुढे गेलं की शंभर. सूत्र युरोपातलं आहे, आपल्याकडे शून्य अंशाची पातळी बरीच वर असते, त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी घेऊ नका. क्रम लावायला मात्र ते उपयोगी पडतं.

करायचं असं :

सकाळी ५:३० ला सोडलेल्या हवामान-फुग्याची नोंद काढा. वायोमिंग विद्यापीठाच्या पानावर नागपूर, मुंबई, संभाजीनगर (तिथे अजून औरंगाबाद), पणजी, हैदराबाद अशी नावं सापडतात. तक्त्यात उंची आणि तापमान यांचे रकाने बघा. उदाहरणार्थ ४२१० मीटरला ०.८ अंश आणि ४५६० मीटरला उणे १.६ असेल, तर शून्य एक-तृतीयांश अंतरावर, म्हणजे ४३२५ मीटरच्या आसपास. उणे २० ची उंचीही तशीच काढून ठेवा, पुढे लागेल. पश्चिमेकडून थंड द्रोणी सरकत येत असेल तर दुपारपर्यंत ही पातळी खाली येऊ शकते, म्हणून जमल्यास ५:३० संध्याकाळची नोंदही ताडून बघा.

मग हवामान खात्याच्या पानावरचं 'मॅक्स झेड' (सगळ्या उंचींतलं सर्वांत मोठं परावर्तन दाखवणारं) चित्र उघडा. त्याच्या वरच्या आणि उजव्या बाजूला ज्या अरुंद पट्ट्या असतात त्याच आपल्या कामाच्या. मधला नकाशा वरून पाहिल्यासारखा, पट्ट्या बाजूने पाहिल्यासारख्या. डागापासून सरळ वर जा, वरच्या पट्टीत त्याची उंची वाचा. तसंच उजवीकडे. ४५ चा रंग कुठपर्यंत गेला ते पाहा आणि त्यातून शून्य अंशाची उंची वजा करा. वेळ यूटीसी असते, ५ तास ३० मिनिटं मिळवायची. ११:४२ म्हणजे आपले १७:१२.

---

तिरपी सर

एक भर. पट्टीतली उंची आणि फुग्याची उंची एकाच पायावर आहेत का ते बघावं लागतं. फुग्याच्या तक्त्यातली उंची समुद्रसपाटीपासून असते. रडारच्या काही उत्पादनांत ती रडारच्या जागेपासून मोजलेली असते. नागपूरला हा फरक साधारण ३०० मीटरचा, हैदराबादला ५०० च्या वर. १.४ किमीच्या निकषात अर्धा किमी म्हणजे थोडाथोडका नाही.

आणि पट्ट्यांचा एक सापळा : पट्टीत त्या अख्ख्या ओळीतलं सर्वांत मोठं मूल्य उमटतं. वर्धा आणि पांढुर्णा जवळजवळ एकाच रेखांशावर येतात, दोन्हीकडे ढग असतील तर वरच्या पट्टीत उंच असलेलाच दिसेल आणि तो वर्ध्याचा म्हणून वाचला जाईल. उजवी पट्टी ताडली की गोंधळ सुटतो, कारण अक्षांश वेगळे आहेत. दोन्ही पट्ट्यांत तीच उंची निघाली तरच ती त्या ढगाची समजा.

---

निफाडकर

चांगला धागा. आमच्याकडे कुलाब्याचं रडार बघतात. त्यावर वरची पद्धत लागू पडते का? द्राक्षबागा काढणीला आलेल्या असतात, मणी फुटले की माल गेला. नाशिक-निफाड भागात पट्टी वाचून काही खात्रीलायक कळतं का?

---

वऱ्हाडी वारा

कळतं, पण जरा जाड्या मापाने. कुलाबा ते निफाड सरळ रेषेत सुमारे १९० किमी. पृथ्वीच्या वक्रतेमुळे शलाका वर वर जाते. हिशोब सोपा आहे : उंची = अंतर × शलाकेच्या चढाच्या कोनाची साइन + अंतराचा वर्ग ÷ १६९९० (सगळं किमीत). १९० किमीवर वक्रतेचेच २.१ किमी होतात. मग

०.५ अंशाच्या शलाकेचा मध्य ३.८ किमीवर,
१ अंशाच्या ५.४ किमीवर,
२ अंशाच्या ८.८ किमीवर.

एक अंश रुंदीची शलाका तिथवर पोचेपर्यंत ३.३ किमी जाड झालेली असते. म्हणजे शून्य अंश ४.३ किमीला असेल तर तुम्हाला दोनच पायऱ्या मिळतात : ५.४ आणि ८.८. "माथा नेमका किती" हे विचारायचंच नाही. विचारायचं ते एवढंच की २ अंशाच्या फेरीत (शलाका २ अंश वर धरून चहूकडे फिरवलेल्या) ४५ दिसतात का. दिसत असतील तर फरक ४ किमीच्या वर आहे, गार धरून चाला. फक्त १ अंशात दिसत असतील तर फरक १ किमीच्या आसपास, तिथे ठामपणे काही बोलू नये. आणि जमिनीलगत काय चाललंय ते या रडारला दिसतच नाही, सर्वांत खालची शलाकाच पावणेचार किमीवर आहे.

शिवाय वाटेत सह्याद्री. कळसूबाई कुलाब्यापासून सव्वाशे किमीच्या आत आणि १६४६ मीटर उंच. ०.५ अंशाच्या शलाकेचा मध्य तिथे १.९ किमीवर असतो, पण खालची कड १ किमीच्या आसपास. म्हणजे शलाकेचा खालचा भाग डोंगरावर आपटतो आणि पलीकडचे आकडे काही डीबीने कमी येतात. मुंबईतलंच दुसरं, वेरावलीचं रडार निफाडला वीस-पंचवीस किमी जवळ आहे, पण ते सी-बँडचं (लहर सुमारे ५ सेंमी; कुलाब्याचं एस-बँड, सुमारे १० सेंमी), त्याची स्वतःची दुखणी वेगळी. एस-बँड भाऊ त्यावर लिहितीलच.

---

मांजराकाठ

लातूर-उस्मानाबादकडच्या मंडळींसाठी हाच हिशोब हैदराबादवरून करून ठेवतो. लातूर सुमारे २३० किमी. ०.५ अंशाची शलाका तिथे रडारच्या पातळीपासून ५.१ किमीवर जाते, समुद्रसपाटीपासून साडेपाचच्या वर. म्हणजे सर्वांत खालची फेरीच शून्य अंशाच्या किमीभर वर आहे! याचा एक उलटा फायदा आहे. तिथे हैदराबादच्या साध्या, सर्वांत खालच्या चित्रात ५० डीबीझेड दिसले तर तो आकडा आधीच थंड भागातला आहे. नागपूरजवळच्या ५० पेक्षा तो जास्त गंभीरपणे घ्यायचा. शलाका चार किमी जाड असल्यामुळे छोटा गाभा (ढगातला सर्वांत जास्त परावर्तनाचा भाग) त्यात विरघळून आकडा कमीच येतो, तरीही ५० येतोय म्हणजे आत काहीतरी भारी आहे.

तोटा असा की त्याच ठिकाणी व्हीआयएल (ढगातल्या एकूण पाण्याचा अंदाज), पावसाचा दर वगैरे आकडे बिनकामाचे. खालचा अर्धा ढग मोजलेलाच नाही.

---

एस-बँड

व्हीआयएलचा विषय निघालाच आहे तर. ढगाच्या उभ्या स्तंभातलं एकूण पाणी, किलो प्रति चौरस मीटर. नुसतं व्हीआयएल ४० च्या वर गेलं की गार, असा ठोकताळा फिरतो, तो मोसमागणिक आणि हवेगणिक बदलतो. मे महिन्यातला १५-१६ किमी उंच ढग निव्वळ उंचीच्या जोरावर ४५ दाखवेल आणि खाली फक्त पाऊस देईल. फेब्रुवारीतला ९ किमीचा बुटका ढग ४० दाखवेल आणि बोराएवढ्या गारा टाकेल.

म्हणून घनता काढा : व्हीआयएल भागिले ढगमाथ्याची उंची. ४५ ÷ १५ = ३.० ग्रॅम प्रति घनमीटर. ४० ÷ ९ = ४.४. अमेरिकेत १९९७ साली अँबर्न आणि वुल्फ यांनी ३.५ ही रेघ सुचवली होती, तेव्हाच्या मापाने पाऊण इंच आणि त्याहून मोठ्या गारांसाठी. ३.५ ला पवित्र आकडा समजू नये, पण वरच्या दोन ढगांत कोण धोक्याचा हे तो बरोबर सांगतो.

काय चुकतं : जोरात पळणारा किंवा झुकलेला ढग. व्हीआयएल सरळ उभ्या स्तंभात बेरीज करतं. मार्चमध्ये वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, ढगाचा वरचा भाग पूर्वेकडे कलतो, गाभा एकाच स्तंभात राहत नाही आणि बेरीज कमी भरते. नेमक्या ज्या दिवशी मोठ्या गारा पडायची परिस्थिती असते त्याच दिवशी हे यंत्र डोळे मिटतं. दुसरं, रडारच्या अगदी जवळ. सर्वांत वरची फेरी २१ अंशांची धरली तर २० किमीवर ती ७.७ किमीपर्यंतच पोचते. नागपूर शहराच्या डोक्यावरच्या ढगाचा माथा नागपूरच्या रडारला दिसत नाही. तेवढ्यापुरतं शेजारचं रडार बघा.

---

गणिती गार

मोजायचंच असेल तर व्हीआयएलपेक्षा एमईएसएच बरं, म्हणजे गारेच्या कमाल आकाराचा अंदाज. आतलं गणित कळलं की त्यावर किती भरवसा ठेवायचा तेही कळतं. प्रत्येक उंचीवर परावर्तनातून गारांची गतिज ऊर्जा काढतात : ५ × १०⁻⁶ × १०^(०.०८४ × डीबीझेड). ४० डीबीझेडच्या खाली वजन शून्य, ५० च्या वर पूर्ण, मधे हळूहळू. तापमानाचंही वजन : शून्य अंशाच्या पातळीवर शून्य, उणे २० च्या वर पूर्ण. उणे २० ची उंची लागते ती इथे. सगळ्याची उभी बेरीज (उंची मीटरमध्ये), गुणिले ०.१, त्याचं वर्गमूळ, गुणिले २.५४. उत्तर मिमीत.

हातावर करून बघू. उणे २० च्या वर ३ किमी जाडीचा ६० डीबीझेडचा गाभा : ऊर्जा ०.५५, बेरीज गुणिले ०.१ म्हणजे १६४, आकार ३२-३३ मिमी. तेवढ्याच जाडीचा ५५ चा गाभा : ऊर्जा ०.२१, बेरीज गुणिले ०.१ म्हणजे ६२, आकार २० मिमी.

पाच डीबीत लिंबू आणि सुपारी. रडारचं अंशशोधन दोन डीबीने चुकलं तरी आकार वीस टक्क्यांनी हलतो, आणि दोन डीबीची चूक काही जगावेगळी नाही. शेजारच्या दोन रडारांच्या मधोमध असलेला एकच ढग दोघांवर बघा, आकडे जुळत नसतील तर कुणीतरी एक हलकं मोजतंय एवढं तरी समजतं. अर्थात दोन्ही एकाच बँडची असतील तरच ही तुलना.

आणि आकार नेहमी "कमाल अंदाज" म्हणून वाचा. गाभ्यात ३२ मिमीची गार असू शकते याचा अर्थ जमिनीवर ३२ ची पडेल असा नाही.

---

निफाडकर

म्हणजे वाटेत वितळते? मग मे महिन्यापेक्षा फेब्रुवारीत धोका जास्त असं समजायचं का?

---

तिरपी सर

वितळते, आणि लहान गार आधी संपते. ५-७ मिमीची गार चार किमी उबदार हवेतून येताना बहुतेक पाणी होते, २० मिमीची थोडी घटून खाली पोचते कारण ती वेगाने पडते. पण नुसतं शून्य अंशाची उंची बघून चालत नाही. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये खालची हवा कोरडी असते. कोरड्या हवेत गारेवरचं पाणी उडतं, त्यासाठी लागणारी उष्णता गारेकडूनच जाते आणि ती थंड राहते. म्हणून ओल्या गोळ्याच्या तापमानाची (ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापीने दाखवलेल्या) शून्य पातळी बघावी. कोरड्या दिवशी ती साध्या शून्य पातळीच्या अर्धा ते एक किमी, कधी त्याहूनही खाली असते. गारेचं वितळणं खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतं. मे मध्ये कोकणपट्टीला दमट हवेत दोन्ही पातळ्या जवळ येतात आणि वरही सरकतात. तिथे वर गार असूनही खाली थंडगार टपोरे थेंबच पडतात.

तर उत्तर : हो, साधारणपणे. पण महिन्याचं नाव नको, त्या दिवशीचा फुगा बघा.

---

द्विध्रुवी

आडवी-उभी अशी दोन्ही स्पंदनं पाठवणाऱ्या रडारचे आकडे सार्वजनिक पानावर सहसा नसतात, पण शोधनिबंधांत आणि परदेशी चित्रांत दिसतात, म्हणून वाचायची रीत लिहितो.

झेडडीआर म्हणजे आडव्या आणि उभ्या परावर्तनातला फरक. मोठा थेंब पडताना चपटा होतो, त्यामुळे ५० डीबीझेडच्या पावसात झेडडीआर २ ते ४ डीबी हवा. गार गडबडा लोळत पडते, तिला ठराविक आडवी बाजू नसते, म्हणून झेडडीआर शून्याजवळ. परावर्तन ५५-६० आणि झेडडीआर शून्य, शिवाय सहसंबंध गुणांक (आडव्या आणि उभ्या स्पंदनांचे प्रतिध्वनी किती जुळतात ते) ०.९५ च्या खाली, हे तिन्ही एकाच जागी सापडले की एस-बँडवर गारेचं निदान पक्कं. पावसात हा गुणांक ०.९८ च्या वर असतो. मोठ्या, ओबडधोबड गारांत ०.९० च्याही खाली येतो. केडीपी (आडव्या-उभ्या लहरींच्या कलेत दर किमीला पडणारा फरक) गारेला जवळजवळ ओळखतच नाही, त्यामुळे ६० डीबीझेड असून केडीपी कमी असेल तर कोरड्या गारा, आणि खूप जास्त असेल तर वितळत्या गारा अधिक धो-धो पाऊस.

वितळत्या लहान गारेभोवती पाण्याचं कडं तयार होतं आणि ती मोठ्या थेंबासारखी वागते, झेडडीआर वाढतो. सी-बँडवर तर ५-६ मिमीच्या आसपास अनुनाद होतो आणि झेडडीआर भलताच चढतो. म्हणून "झेडडीआर शून्य म्हणजे गार" हा नियम सी-बँडवर खालच्या थरात उलटा पडू शकतो. तिथे शून्य अंशाच्या वरच्या थरातच बघा.

यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे झेडडीआरचा स्तंभ. शून्य अंशाच्या वर एक-दोन किमी १ डीबीपेक्षा जास्त झेडडीआरचा अरुंद खांब उभा दिसला तर तिथे वर जाणारा झोत थेंबांना न गोठता वर नेतोय. गार बनायचा कच्चा माल तोच. खांब वाढायला लागल्यानंतर काही मिनिटांनी वरचा गाभा तापतो, म्हणजे आकडा चढतो.

---

कोकणकडा

गाभ्याच्या मागे, रडारपासून दूर जाणारी फिकट शेपूट दिसते ती गारेची खूण असते म्हणतात. ती नेमकी कशामुळे? आणि मुंबईच्या चित्रात अशा रेघा नेहमीच दिसतात, त्या सगळ्या गारा कशा असतील?

---

एस-बँड

नसतातच. खरी शेपूट अशी बनते : शलाका गारांवर आपटून थोडी खाली जमिनीकडे विखुरते, जमिनीवरून परत गारांकडे, गारांकडून रडारकडे. तीन ठिकाणी विखुरल्याने वेळ जास्त लागतो आणि रडार त्या उशिरा आलेल्या ऊर्जेला आणखी लांबच्या अंतरावर मांडतं. जादा वाट म्हणजे गाभ्यापासून जमिनीपर्यंत जाऊन-येऊन, म्हणून शेपूट गाभ्याच्या मागे साधारण गाभ्याच्या उंचीएवढ्या अंतरावर सुरू होते. ७ किमीवरचा गाभा असेल तर ७ किमी मागे. लांबी १० ते ३० किमी, मूल्य बहुधा २० डीबीझेडच्या खाली, दिशा तंतोतंत रडारकडून बाहेर जाणारी. एस-बँडवर ही शेपूट दिसली तर २-३ सेंमीच्या गारा समजायच्या. आणि ती ६-८ किमी उंचीच्या फेरीत शोधायची, सर्वांत खालच्या नाही.

'मॅक्स झेड' मध्ये ती सहसा हरवते. एक तर शेपटीच्या जागी खरा पाऊस असेल तर मोठं मूल्य छोट्याला झाकतं. दुसरं, रंगपट्टी २० डीबीझेडपासून सुरू होत असेल तर शेपटीला रंगच मिळत नाही. शेपूट नाही म्हणून गार नाही, असं कधीच म्हणू नका.

आता नकली शेपट्या. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी सूर्याच्या दिशेने रडारपासून टोकापर्यंत जाणारी बारीक रेघ. ती गाभ्यापासून सुरू होत नाही, रडारपासूनच सुरू होते. सी-बँडवर वायफायसारख्या यंत्रणांचा अडथळा : तशीच आरपार रेघ, दिवसभर एकाच दिशेला. अडीचशे किमीपलीकडच्या ढगाचा उशिरा परतलेला प्रतिध्वनी : लांबट, पातळ, जवळच उमटलेला, वरच्या फेऱ्यांत गायब. आणि मुख्य म्हणजे सी-बँडवर साध्या मुसळधार पावसात किंवा हरभऱ्याएवढ्या गारांतही खरी तीन-विखुरणीची शेपूट उमटते. वेरावलीच्या चित्रातली शेपूट कुलाब्याच्या शेपटीएवढी वजनदार नाही.

सी-बँडचं दुसरं दुखणं म्हणजे शोषण. पहिल्या ढगाने ऊर्जा खाल्ली की मागचा ढग फिकट दिसतो. गाभ्यामागे पाचरीसारखी रिकामी जागा दिसली तर ती मोकळी हवा समजू नका. एक्स-बँडवर (लहर सुमारे ३ सेंमी) तर मागचं बरंचसं पुसलं जातं. आणि रडारच्याच घुमटावर पाऊस पडत असेल तर चहूकडचं चित्र एकदम मवाळ होतं, ढग शांत झालेले नसतात.

---

मांजराकाठ

नकली गोष्टींत पवनचक्क्याही घाला. साताऱ्याच्या पठारावर आणि धुळे-नंदुरबार भागात रांगाच्या रांगा आहेत. पाती फिरत असल्याने साधी गाळणी त्यांना ढगच समजते. ओळखायची खूण : जागा हलत नाही, उंची नाही, पट्टीत तळाशीच चिकटलेलं. डोंगराचंही तेच. आणि रडारभोवती पिवळट-लाल गोल कडं दिसलं तर तो वितळण्याचा थर, शांत पावसातला. कडं आहे म्हणजे उलट वर जाणारा जोर नाही.

---

निफाडकर

सगळं पटलं. आता शेवटचा प्रश्न, हातात वेळ किती मिळतो?

---

वऱ्हाडी वारा

त्याच ढगाच्या बाबतीत फार नाही. २ सेंमीची गार साधारण १८-२० मीटर प्रति सेकंद वेगाने पडते, ६ किमीवरून पाच-सहा मिनिटांत जमिनीवर. १ सेंमीची त्याहून जास्त वेळ घेते. रडारची पूर्ण फेरी आणि चित्र चढवायला लागणारा वेळ धरला तर तुम्ही बघताय ते चित्र १०-१५ मिनिटं जुनं असतं. म्हणजे तुमच्या गावावर वरचा गाभा दिसला तेव्हा पहिली गार पडूनही गेलेली असू शकते. वेळ मिळतो तो वाटेवरच्या ढगाचा. लागोपाठच्या तीन चित्रांत गाभ्याचं ठिकाण खुणा करून जोडा, वेग काढा. ताशी ४० किमीने येणारा ढग ३० किमी मागे असतानाच वर तापलेला दिसला तर पाऊण तास, त्यातून चित्राचा उशीर वजा.

वाट सरळ धरताना एक लक्षात ठेवा. सगळे ढग ईशान्येला चाललेत आणि एकच त्यांच्या उजवीकडे वळून पूर्वेला किंवा आग्नेयेला निघाला, वेगही कमी झाला, तर तो फिरणारा ढग असू शकतो. त्याच्याकडे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष द्या. वेगाच्या चित्रात मधल्या उंचीवर शेजारी-शेजारी येणारा-जाणारा वेग दिसतो का ते तपासा. पण घडी पडलेली असू शकते : १० सेंमी लांबीच्या लहरीला सेकंदाला ६०० स्पंदनं असतील तर १५ मीटर प्रति सेकंदाच्या पुढचा वेग उलट दिशेचा म्हणून उमटतो. सी-बँडला तर तेवढ्याच स्पंदनांना ८ मीटरलाच घडी पडते. हिरव्या मधोमध एकदम लाल ठिपका, मधे फिकी सीमा नाही, असं असेल तर ती घडी.

---

तिरपी सर

आणि एक : ४५ चा माथा ९ वरून ६ किमीवर घसरला की गटात लगेच "ढग विरला" असे निरोप सुरू होतात. माथा घसरतो तेव्हाच गाभा खाली येत असतो. त्या दोन चित्रांच्या मधली दहा मिनिटं म्हणजेच गारा जमिनीवर पडायची वेळ. विजा दाखवणाऱ्या दामिनी ॲपवर त्याच्या आधी विजांची संख्या एकदम उसळते आणि मग पडते, तेही जोडून बघता येतं.

---

कोकणकडा

वेगाचं चित्र सार्वजनिक पानावर सर्वांत खालच्या फेरीचंच मिळतं ना? मग निफाडसारख्या लांबच्या ठिकाणी ते चालेल?

---

वऱ्हाडी वारा

निफाडला ०.५ अंश म्हणजे ३.८ किमी, योगायोगाने ती मधलीच उंची आहे, त्यामुळे बघायला हरकत नाही. मात्र शलाका तीन किमी जाड असल्याने लहान फिरकी पुसली जाते. दिसली तर धरा, नाही दिसली तर निष्कर्ष काढू नका. आणि वेगाच्या चित्राचा पल्ला परावर्तनाच्या चित्रापेक्षा बऱ्याचदा कमी ठेवलेला असतो, निफाड त्यात बसतं का ते चित्राच्या कोपऱ्यातल्या मजकुरात आधी वाचून घ्या.